उणे चाळीस अंशांवरचा संसार

जेथे विद्यापीठ आहे, विमानतळ आहे आणि रस्तोरस्ती विजेचे दिवे आहेत, अशा एका अमेरिकन शहराच्या आसपास कित्येक विद्यार्थी, नोकरदार आणि वृद्ध माणसे घरात नळ नसताना, आणि तेही पारा उणे चाळीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या हिवाळ्यात, सुखाने राहतात, ही गोष्ट कानी आली तेव्हा ती मला खरी वाटेना. आणि म्हणूनच अलास्कातील फेअरबँक्स येथे जाण्याचा योग आला तेव्हा शहराबाहेरील स्प्रूसच्या रानातले एखादे लाकडी घर आतून पाहावे, असे मी ठरविले. उणे चाळीस या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे एक होतात, त्यामुळे तेथे ‘उणे चाळीस’ असे म्हटले की कोणत्या मापाने, असे कोणी विचारीत नाही. जानेवारी 1934 मध्ये तर येथील पारा उणे 66 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 54 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

ज्या बाईंनी मला आपल्या घरी ठेवून घेतले त्या साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि मितभाषी होत्या. त्यांचे घर म्हणजे ओंडक्यांच्या भिंतींची एक खोली, वर माळ्यावर बिछाना, मध्यभागी बिडाची शेगडी व तिचे छपरातून बाहेर गेलेले धुराडे. वीज होती, दिवे होते, पुस्तकेही पुष्कळ होती. परंतु भांडी घासण्याच्या कुंडाला नळ नव्हता, आणि सांडपाणी त्याखालच्या बादलीत पडत असे. ‘दोन दिवसांना पाच गॅलन,’ असे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला सांगितले. पाच गॅलन म्हणजे सुमारे 19 लिटर. त्यात पिणे, स्वयंपाक, भांडी आणि तोंड धुणे एवढे सर्व भागवावयाचे. स्नान गावातील सार्वजनिक धुलाईघरात, पैसे भरून.

ही तऱ्हा केवळ हौसेची नव्हे. या मुलखात अनेक ठिकाणी भूमी बारमाही गोठलेली असते; घराची ऊब खाली उतरली तर त्या मातीतले बर्फ वितळून घर खचते, आणि विहीर खोदून तिचे नळ गोठू न देण्याची तजवीज करावयाची तर खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून खांबांवर उचललेली, नळ नसलेली छोटी घरे बांधतात, आणि त्यांचे भाडेही त्या मानाने कमी असते.

पाणी आणण्यासाठी आम्ही शहराच्या उत्तरेस फॉक्स येथील झऱ्यावर गेलो. रात्रभर मोटारीच्या इंजिनाला विजेच्या तारेने ऊब दिलेली होती. तसे न केले तर उणे चाळीसला मोटार जागची हलत नाही. सभोवार सारे जल पाषाणवत् झालेले असताना महामार्गालगतच्या त्या ठिकाणी पाणी अखंड वाहत होते, आणि माणसे निळे डबे घेऊन ते विनामूल्य भरून नेत होती. बाईंनी लोकरीच्या मोज्यांवर रबरी मोजे चढविले, कारण त्या हवेत भिजलेला हात म्हणजे साक्षात संकट. प्रत्येक डबा काठापासून थोडा उणा ठेवला आणि झाकण लावण्यापूर्वी तोंड कोरडे पुसले, जेणेकरून झाकण जागच्या जागी गोठून बसू नये. या तीन कृतींत त्यांनी एकही क्षण वाया घालविला नाही.

परतल्यावर दार उघडताच आतली दमट हवा बाहेरच्या थंडीशी भिडली आणि तापल्या दुधाला यावा तसा धुक्याचा पांढरा लोट जमिनीवरून पसरला. डबे शेगडीच्या बाजूस ठेवले, कारण जमिनीलगतच्या कोपऱ्यात त्याच खोलीतले पाणी गोठू शकते.

परंतु माझे मन वारंवार वळते ते पहाटेकडे. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर तेथे सूर्य चार तासांहूनही कमी काळ क्षितिजावर असतो, तेव्हा पहाट म्हणावयाची ती केवळ घड्याळावरून. बाई माळ्यावरून उतरत, राखेखालचे निखारे पुढे ओढीत, त्यांवर भूर्जाच्या सालीची पट्टी ठेवीत, आणि ती साल पेटताच जो स्निग्ध, किंचित गोडसर गंध खोलीभर दरवळे, तो अद्याप माझ्या स्मरणातून गेलेला नाही. मग दोन फाळी एकमेकींवर आपटून त्यांचा खणखणीत नाद ऐकल्याखेरीज त्या आत घालीत नसत. हे सरपण आदल्या वर्षी फोडून, रचून, उन्हाळाभर वाळविलेले. लाकडातील ओल वीस टक्क्यांहून अधिक असेल तर आगीचा काही भाग पाणी आटविण्यात खर्ची पडतो, धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचून त्यालाच आग लागण्याची भीती असते. ‘वीस टक्के’ हे शब्द त्या दिवसातून अनेकदा उच्चारीत. त्यांचा हा आग्रह शेजारधर्माचाही आहे: हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात तळाशी बसते, वरच्या उबदार हवेचे झाकण तिला उठू देत नाही, आणि घरोघरचा धूर तेथेच कोंडतो; सूक्ष्म कणांच्या प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारा प्रदेश म्हणून 2009 मध्ये सरकारनेच या भागाची नोंद केली.

शेगडी धगधगली की बाई वहीत तपमान, जळालेले लाकूड आणि शिल्लक पाणी टिपून ठेवीत. त्या रोजमेळात मला या जीवनाचे मर्म दिसले. आपण दुरून ज्याला साहस म्हणतो त्याचा तेथे मागमूस नाही. असते ती तरतूद, आणि तीही गरजेच्या एक दिवस, एक ऋतू, कधी एक वर्ष आधी केलेली. थंडी दुबळ्या देहाला एक वेळ सांभाळून घेईल, विसराळू माणसाला घेणार नाही.

या नेमस्तपणाविषयी मला मनापासून आदर आहे. तथापि ‘दोन दिवसांना पाच गॅलन’ हे बाईंनी आपल्या मर्जीने पत्करलेले आहे. उद्या त्यांच्या मनात आले तर नळाचे घर त्यांना परवडण्याजोगे आहे. त्याच रानात केवळ भाडे झेपत नाही म्हणून राहणारे विद्यार्थी आहेत, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कोसभर हंडे वाहणाऱ्या बायांना तर कोणी त्यांची मर्जी विचारलेलीच नसते. साधेपणाचे गोडवे गाणाऱ्याने ते गाण्यापूर्वी पाणी वाहणाऱ्याला नळ नाकारण्याची मुभा होती की नव्हती, एवढे विचारावे. मुभा नसेल तेथे स्तुती नको, नळ द्यावा.