विषारी छत्रीतला उजेड

पाऊस सुरू झाला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुजक्या ओंडक्यांवर अळंब्या उगवतात. त्या दिसल्या की मला फॅलॉइडिन आठवतं. हे विष ‘डेथ कॅप’ नावाच्या अळंबीतलं. ती मूळची युरोपातली, ओकच्या मुळांशी वाढणारी. १९३७ साली म्युनिकमध्ये फिओडोर लिनेन आणि उलरिच वीलांड यांनी ते स्फटिकरूपात वेगळं केलं.

रेणू तसा छोटा, सात अमिनो आम्लांचा. काम मात्र विलक्षण! आपल्या पेशीला आकार देणारे अ‍ॅक्टिनचे तंतू सतत जुळत आणि सुटत असतात. फॅलॉइडिन त्यांना असं घट्ट धरतं, की ते सुटतच नाहीत. (डेथ कॅप खाल्ल्यावर जीव जातो तो मुख्यतः दुसऱ्या विषानं, अमॅनिटिननं, शिजवूनही ते नष्ट होत नाही. फॅलॉइडिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही.)

नेमकी ही घट्ट पकडच संशोधकांच्या कामी आली. १९७९ मध्ये फॅलॉइडिनला चमकणारा रंग जोडून पेशीतलं अ‍ॅक्टिन पाहण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. बहुतेक जिवंत पेशींत ते सहज शिरत नाही, म्हणून पेशी आधी फॉर्मलिनसारख्या रसायनानं स्थिर करतात, मग त्यांच्या पटलाला बारीक छिद्रं पाडतात. आज पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत हा रंग रोजच्या वापरातला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर ताणलेल्या तारांसारखे ते तंतू उजळतात, तेव्हा नजर हटत नाही.