जुना भूनकाशा काय सांगतो?

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात टीटन पर्वताच्या पायथ्याशी जॅक्सन होल हे खोरे आहे. समुद्रसपाटीपासून ६,००० फुटांहून उंच असलेल्या या भागात हिवाळा दीर्घ व कडक असतो. १८८४ पासून तेथे वसलेल्या कुटुंबांनी गुरे पाळली. उन्हाळ्यात गुरे डोंगरावर चारावयाची आणि खालच्या कुरणांतील गवत कापून हिवाळ्यासाठी साठवावयाचे, असा त्यांचा क्रम असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने या खोऱ्याची मोजणी करून १:१,२५,००० प्रमाणाचा नकाशा तयार केला. त्यावर समोच्च रेषा आहेत. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवरील ठिकाणे जोडणारी रेषा ती समोच्च रेषा होय. रेषा दाट असतील तेथे उतार तीव्र आणि विरळ असतील तेथे जमीन सपाट समजावी.

हा नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला असता दोन मोठे बदल दिसतात. पहिला जॅक्सन सरोवराचा. तेथील १९०६-०७ चा लाकडी बांध १९१० मध्ये फुटला. नंतर बांधलेल्या धरणाची उंची १९१६ पर्यंत वाढविण्यात आली व पाण्याची पातळी नैसर्गिक पातळीहून ३९ फूट चढली. हे पाणी खालच्या आयडाहो राज्यातील शेतीस मिळाले. सरोवराचा जुना काठ मात्र बुडाला.

दुसरा बदल ग्रो व्हाँट नदीवरील आहे. अतिवृष्टी व वितळलेले बर्फ यांमुळे २३ जून १९२५ रोजी डोंगराचा सुमारे ५ कोटी घनयार्ड भाग कोसळला. नदी अडून, जुन्या नकाशावर नसलेले सरोवर निर्माण झाले. १८ मे १९२७ रोजी हा नैसर्गिक बांध ओलांडून पाण्याचा लोंढा निघाला. त्यात केली गाव उद्ध्वस्त होऊन सहा माणसे दगावली.

या डोंगरातील खडकांचे थर नदीकडे कललेले होते. समोच्च रेषा उतार दाखवितात. पोटातील थरांचा कल वा मुरलेले पाणी दाखवीत नाहीत. म्हणून ग्रामसेवकाने जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून नदी, नाले व तळी पडताळावीत. दाट रेषांच्या जागी स्वतः जाऊन भेगा, नवे झरे व कललेली झाडे पाहावीत आणि अशी खूण आढळताच तहसील कार्यालयास विनाविलंब कळवावे.