मागचा शॉकअप आणि मिलिंदाचा रथ

मागच्या वेळी आपण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातल्या रथावर थांबलो होतो. यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मिनँडर. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं का? सगळ्यांचा ढीग का? इथल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, तेव्हा हा संवाद आपल्याला फार परका नाही.

आम्ही मात्र तो परवा अंगणात वाचला, वर्तमानपत्रावर मोटारसायकलचे सुटे भाग मांडून.

लोणावळ्याच्या पावसात चिखल बसतो, दांड्यावर गंज धरतो, मग तो दांडा वर-खाली होताना आतलं सील झिजवतो आणि तेल बाहेर येतं. मागची सीट दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप गेला. स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण तो जिरवतं तेल, बारीक छिद्रांतून वाट काढताना गरम होऊन. नुसत्या स्प्रिंगवर खंडाळ्याचा घाट उतरू नये. मागे बसणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींची पाठ हा या बाबतीत आमचा मुख्य पुरावा.

जोडी नवी आणावी, एकच बदलू नये. आणि जुना शॉकअप घरी उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. गॅसचा असेल तर त्याला भोक पाडणं, तापवणं मुळीच नको.

गाडी मेन स्टँडवर घ्यायची, चाकाखाली लाकडाचा ठोकळा. एका वेळी एकच बाजू सोडायची, म्हणजे दुसरा शॉकअप चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, जागेवर धरून ठेवतो. आमच्या गाडीला उजवीकडे सायलेन्सर आड येतो, तो आधी ढिला करावा लागला. वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. (बर्फाच्या मुलखात स्नोमोबाईलचं मागचं सस्पेन्शन पट्ट्याच्या आत बसतं, ते बसवायला बरेच जण गाडीच आडवी करतात. आपलं बरं आहे.)

आता आमची चूक सांगतो. मागच्या खेपेस आम्ही चाक अधांतरी असतानाच नट पूर्ण आवळले. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबराचे बुश असतात. तसं आवळलं की गाडीवर माणूस बसताच ते पिळले जातात आणि तसेच पिळलेले राहतात. एका पावसाळ्यात फाटले, कुरकुर सुरू झाली. भाग सगळे होते, क्रम बरोबर होता, तरी गाडी नीट ‘झाली’ नव्हती. मिलिंदाने हा प्रश्न विचारायला हवा होता: नट आवळले तेव्हा रथात कोणी बसलं होतं का?

या वेळी नट हातानेच बसवले, गाडी स्टँडवरून उतरवली, नातवाला सीटवर बसवलं आणि मग पाना लावला. स्प्रिंगचा खाचा दोन्हीकडे सारखाच ठेवला. पवना धरणापर्यंत जाऊन आलो, सगळे नट पुन्हा तपासले. डावीकडचा वरचा पाव फेरा फिरला.

प्रश्न असतील तर विचारा.