कळमेश्वरहून समुद्रावर : एका सहलीचे गणित

ग्रीसच्या बेटांमधून शिडाच्या नावेने हिंडण्याची तेथील लोकांना भारी हौस. त्यांचा उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात; शिवाय भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे मे ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. आपल्याकडे सारेच उलट. जून ते ऑगस्ट कोकणातील प्रवासी होड्या बहुतेक बंदच असतात. तेव्हा कळमेश्वरच्या विद्यार्थ्याने समुद्रावर जावयाचे ठरविले, तर त्याने प्रथम पंचांग उघडावे, असे माझे मत आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कितीजणांनी समुद्र पाहिला आहे? माझ्या घरात अद्याप कोणीच नाही. 'खारे वारे' व 'मतलई वारे' यांवरच्या टिपा मात्र मी दोनदा लिहून गुण मिळविले. दरवर्षी सहल डोंगरावर जाते. यंदा ती समुद्रावर न्यावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मालवणचा सिंधुदुर्ग सर्वांनाच पाहावयाचा असतो, पण तो आपल्याला फार दूर व खर्चाचा. अलिबागचा कुलाबा आणि मुरूडचा जंजिरा आवाक्यात आहेत. कुलाब्याला ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाची होडी मिळते.

आता भरतीचे गणित. कोकणातला ढोबळ नियम असा : तिथीला तीनने गुणावे व चारने भागावे, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. चतुर्थीला चार गुणिले तीन, भागिले चार, म्हणजे ३ वाजता भरती. त्याच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी ९ वाजता, ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग; तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. म्हणून कुलाब्यासाठी अष्टमीपेक्षा चतुर्थी बरी.

हे गणित मी आईला सांगितले. ती शाळेत गेलेली नाही, परंतु तिथी तिला तोंडपाठ. ती म्हणाली, "समुद्र पाहाले जाता का मराले?" तिचा प्रश्न रास्त आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळा, त्यात आषाढी अमावास्येचे दिवस! म्हणून हंगाम आधी पाहावयाचा, किल्ले नंतर.

माझा बेत असा. भाऊबीज घरी करावी व त्याच रात्री नागपूरहून मुंबईची गाडी धरावी. तृतीयेला गेटवेहून लाँचने मांडवा व पुढे अलिबाग मुक्काम. चतुर्थीला सकाळी ९ च्या सुमारास कुलाबा. पाणी वळण्याआधी परत फिरावे, इतिहासाच्या सरांचे व्याख्यान लांबले तरी! पंचमीला मुरूड. जंजिरा मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही, हे होडीतून त्याचा तट पाहिल्यावर अधिक समजेल असे वाटते. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारचा खारा समुद्रातून जमिनीकडे. एकाने जावे, दुसऱ्याने यावे, हीच शिडाच्या होडीची जुनी रीत. त्या दिवशी टीप लिहावी लागणार नाही, वारा अंगाला लागेल.

दिवाळीतही समुद्र शांतच असेल असे नाही. २०१९ साली ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले होते. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहावा, होडीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, आणि नावाडी नको म्हणाला तर हुज्जत न घालता किनाऱ्यावरूनच किल्ला पाहावा. खर्चाचा अंदाज मी वेगळ्या कागदावर मांडून भूगोलाच्या सरांकडे दिला आहे. स्लीपरचा डबा व धर्मशाळेतला मुक्काम धरूनच तो केला आहे.