क्राकोआ कुणी बुडवलं?

२०२५ मध्ये क्राकोआ बेट पन्नास वर्षांचं झालं. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी १९७५ साली ‘जायंट-साइझ एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात ते कागदावर आणलं तेव्हा ते चक्क खलनायक होतं. अणुचाचणीनंतर जिवंत झालेलं, म्युटंटांची शक्ती शोषून तगणारं बेट. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस, वुल्व्हरीन या नव्या भरतीने अंक संपता संपता ते उचकटून थेट अंतराळात भिरकावलं. त्याच बेटावर २०१९ मध्ये म्युटंटांचं राष्ट्र उभं राहिलं. आणि ५ जून २०२४ रोजी ‘एक्स-मेन’च्या पस्तिसाव्या अंकात (जुन्या क्रमाने तो सातशेवा) ते राष्ट्र गुंडाळण्यात आलं. पन्नाशीच्या निमित्ताने मार्व्हलने विशेष अंक काढले, पण जुने वाचक भेटले की विषय एकच निघतो: शेवट असा का केला?

ह्यू जॅकमनच्या चित्रपटांमुळे एक्स-मेन आपल्याकडे घरोघरी पोचले. कॉमिक्समधली कथा मात्र फार आधीची आणि फार पसरलेली. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ती सुरू केली. जन्मतःच वेगळ्या जनुकांची मुलं, त्यांना भिणारं जग आणि त्यांच्यासाठी शाळा चालवणारे प्राध्यापक झेवियर, एवढंच भांडवल. ते फार काळ पुरलं नाही. १९७० मध्ये नवा मजकूर बंद झाला आणि पुढची पाच वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापून मासिक जेमतेम जिवंत ठेवलं गेलं. मग १९७५ आलं, वीन-कॉक्रम यांची नवी टोळी आली आणि पाठोपाठ ख्रिस क्लेअरमाँट हा लेखक आला. तो १९९१ पर्यंत हलला नाही.

शेवटावरून भांडायची सवय वाचकांना लागली ती त्याच्याच काळात. १९८० मध्ये १३७ व्या अंकात जीन ग्रे मेली. फिनिक्सच्या शक्तीने बेभान होऊन तिने एका ताऱ्याचा घास घेतला होता आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव संपवले होते. क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी आधी ठरवलेल्या शेवटात तिची शक्ती तेवढी काढून घेतली जाणार होती. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला: पाच अब्ज हत्यांची एवढीच शिक्षा? पानं बदलली गेली आणि जीनने चंद्रावर प्राण दिले. हा वाद इतका धुमसत राहिला की १९८४ मध्ये मार्व्हलने तो मूळ, न छापलेला शेवटही स्वतंत्र अंक म्हणून विकायला काढला. त्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. जीनला परत कसं आणायचं याची युक्ती कर्ट ब्युसिक नावाच्या एका चाहत्याने काढली. मेली ती जीन नव्हतीच, फिनिक्सने घेतलेलं तिचं रूप होतं, अशी. ती तोंडोतोंडी लेखक रॉजर स्टर्न आणि बर्न यांच्यापर्यंत पोचली आणि १९८६ मध्ये जीन खरोखर परतली. ब्युसिक पुढे स्वतः नामवंत लेखक झाला. चाहत्यांच्या वादाला ‘रिकामटेकड्यांची बडबड’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

शूटरचा निर्णय बरोबर होता. जीनचं परतणं चूक होतं. या दोन वाक्यांवर आजही अर्धी सभा उठून जाईल, तरी ती लिहायलाच हवीत. कारण त्या परतण्यानेच या कथेतला मृत्यू स्वस्त झाला, आणि क्राकोआच्या कर्त्यांना पुढे नेमका तोच स्वस्तपणा कामी आला.

नव्वदचं दशक झटपट ओलांडलेलं बरं. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांवर प्रतींनी खपला, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या जोरावर. क्लेअरमाँट तीन अंकांत बाहेर पडला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. लेखक ग्रँट मॉरिसनने २००१ मध्ये जेनोशा बेटावरचे एक कोटी साठ लाख म्युटंट मारले. ते वाचताना आजही हात थबकतो. २००५ मध्ये स्कार्लेट विचच्या एका उद्गाराने पृथ्वीवरचे जवळजवळ सगळे म्युटंट शक्तिहीन झाले. ती कल्पना वाईट नव्हती, पण तिचं काय करायचं हे पुढची कित्येक वर्षं कुणालाच उमगलं नाही.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते २०१४ ते २०२४ या दशकाबद्दल. त्याचा पहिला अर्धा भाग अपमानाचा. तेव्हा एक्स-मेनचे चित्रपटहक्क फॉक्सकडे होते, आणि मार्व्हलच्या छापील कथांत म्युटंटांची जागा हळूहळू इनह्यूमन्सना दिली जाऊ लागली. त्यांना शक्ती देणारं टेरिजन धुकं म्युटंटांसाठी विष ठरलं. मुलांना वाचवण्यासाठी एक्स-मेन शाळा उचलून नरकसदृश लिंबोत जाऊन बसले. याच सुमारास ‘फँटॅस्टिक फोर’चं मासिकही बंद होतं, त्याचेही चित्रपटहक्क फॉक्सकडेच. कंपनीने काहीही सांगितलं तरी वाचकांना दोन आणि दोन चार करता येत होते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या इनह्यूमन्सची दूरचित्रवाणी मालिका २०१७ मध्ये आली आणि आठ भागांत आटोपली. त्या काळात पैसे मोजून ते सगळं वाचलेल्या माणसाला याचा आनंद झाला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स विकत घेतली. चारच महिन्यांनी, २४ जुलैला, ‘हाउस ऑफ एक्स’चा पहिला अंक आला.

लेखक जोनाथन हिकमन. चित्रकार पेपे लाराझ, आणि जोडीच्या ‘पॉवर्स ऑफ एक्स’ला आर. बी. सिल्वा. बारा आठवडे, बारा अंक. दर बुधवारी एक अंक यायचा आणि मधले सहा दिवस वाचक तर्क लढवायचे. मासिकाच्या मध्येच टॉम म्युलरने मांडलेली कोरडी पानं असत: तक्ते, आकृत्या, कागदपत्रं, सरकारी टिपणं. सुरुवातीला ती आगाऊपणा वाटली. पण कथेचा अर्धा जीव तिथेच होता. ‘हाउस ऑफ एक्स’च्या दुसऱ्या अंकात मोइरा मॅकटॅगर्टचं रहस्य फुटलं. १९७५ पासून बिचारी साधी माणूस म्हणून वावरणारी ही शास्त्रज्ञ मुळात म्युटंट निघाली. ती मेली की पुन्हा तिच्याच जन्मापासून आयुष्य सुरू होतं, मागची सगळी स्मृती शाबूत ठेवून. दहाव्या आयुष्यात तिला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की म्युटंटांनी काहीही केलं तरी ते हरतात. आणि ते माणसाकडून हरत नाहीत, माणसाने बनवलेल्या यंत्राकडून हरतात. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा शिगेला पोचण्याआधी काही वर्षं एका सुपरहिरो मासिकाने हा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेतला होता.

मग राष्ट्र. माणसांना तीन औषधं द्यायची आणि बदल्यात मान्यता मिळवायची. पहिलं आयुष्य पाच वर्षांनी वाढवणारं, दुसरं जंतूंनुसार बदलणारं प्रतिजैविक, तिसरं मनाच्या विकारांवरचं. राज्य चालवायला बारा जणांची परिषद, तिच्यात झेवियर-मॅग्नेटोसोबत अपोकॅलिप्स आणि मिस्टर सिनिस्टरसारखे जुने हाडवैरीही. आणि मुख्य म्हणजे मृत्यूवर उपाय. होप, एलिक्सिर, टेम्पस, प्रोटिअस, एग अशा पाच जणांच्या शक्ती जुळवून नवं शरीर घडवायचं आणि त्यात साठवून ठेवलेलं मन ओतायचं. जेनोशाचे एक कोटी साठ लाख मृत रांगेत उभे. १९८६ पासून कथेला लागलेला पुनरागमनाचा रोग हिकमनने औषधासारखा वापरला.

शत्रूच्या गोटात एक नाव आपल्या ओळखीचं होतं: करिमा शापंदर, म्हणजेच ओमेगा सेंटिनेल. २००० साली क्लेअरमाँटने तिला भारतीय पोलीस अधिकारी म्हणून निर्माण केलं, तिचं यंत्रात रूपांतर झालं आणि नंतर अनेक वर्षं ती अडगळीत पडून होती. हिकमनने तिला ऑर्किस या म्युटंटविरोधी संघटनेच्या केंद्रस्थानी आणलं. तिच्या भारतीयपणाला मात्र कथेत जवळजवळ काहीच काम मिळालं नाही, ही तक्रार तेव्हाही रास्त होती आणि आजही आहे.

क्राकोआ हे रामराज्य नव्हतं, आणि तेच त्याचं बळ होतं. साब्रटूथला ना नीट खटला, ना मुदत. थेट बेटाच्या पोटातल्या खड्ड्यात टाकलं. २००५ मध्ये शक्ती गमावलेल्यांना ती परत हवी असेल तर क्रूसिबल नावाच्या द्वंद्वात लढून मरावं लागे, मगच नवं शरीर. २०२० मध्ये ‘एक्स-मेन’च्या सातव्या अंकात एक तरुण मुलगी अपोकॅलिप्सच्या तलवारीसमोर उभी राहते आणि भोवती जमलेले नायक ते पाहत बसतात. ते पान वाचून ज्याला अस्वस्थ वाटलं नाही त्याने ते पुन्हा वाचावं.

ऑगस्ट २०२१ मध्ये हिकमन बाहेर पडत असल्याची बातमी आली. त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलं: कथा नाटकासारखी तीन अंकी होती, पण सोबतच्या लेखकांना पहिल्याच अंकात आणखी रमायचं होतं, आणि त्याने ते मानलं. जाता जाता त्याने ‘इन्फर्नो’चे चार अंक दिले. मिस्टिकला दिलेला शब्द परिषदेने वर्षानुवर्षं मोडला, तिने अखेर आपल्या पत्नीला, भविष्य पाहणाऱ्या डेस्टिनीला, जिवंत करून घेतलं. दोघींनी मिळून मोइराची शक्ती कायमची काढून घेतली. मोइराबद्दलचं, झेवियरच्या राष्ट्राखालचं खोटं सगळ्या परिषदेसमोर उघडं पडलं.

पुढचं सगळं टाकाऊ होतं असं म्हणणारा एक कट्टर गट आहे. त्याचं म्हणणं पटण्यासारखं नाही. मंगळाला अराको बनवण्याची कल्पना आणि त्यावर अल युइंगने ‘एक्स-मेन रेड’मध्ये उभं केलेलं स्टॉर्म-मॅग्नेटोचं राजकारण, किरन गिलनच्या ‘इम्मॉर्टल एक्स-मेन’मधली परिषदेची कारस्थानं, हे त्या पाच वर्षांतलं उत्तम काम आहे. पण ते यंत्राच्या त्या पहिल्या प्रश्नाला बगल देऊन केलेलं काम आहे.

जुलै २०२३ च्या ‘हेलफायर गाला’त वाचकांच्या मतदानातल्या उमेदवारांसह नवा संघ जाहीर होतो आणि त्यातले बहुतेक जण त्याच अंकात कापले जातात. लोकांना मत द्यायला बोलवायचं आणि त्यांचे उमेदवार पानभरात मारायचे, याला धाडस म्हणणारेही भेटले! लाखो म्युटंट झेवियरच्याच आदेशाने बेटाच्या दारांतून दिसेनासे होतात. जानेवारी २०२४ पासून ‘फॉल ऑफ द हाउस ऑफ एक्स’ आणि ‘राइज ऑफ द पॉवर्स ऑफ एक्स’ या पाच-पाच अंकी मालिकांत सगळ्याचा निकाल. ऑर्किस हाणामारीत कोसळते. कालातीत झालेला एनिग्मा हा खलनायक फिनिक्सकडून हरतो. बेट आणि त्याचे बहुतेक रहिवासी व्हाइट हॉट रूम नावाच्या वेगळ्याच अस्तित्वात निघून जातात, झेवियर दोष स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो, आणि पृथ्वीवर चित्रपटांत शोभतील असे ओळखीचे नायक तेवढे उरतात.

यावर वाचक तीन दिशांना फाटले. काही म्हणतात, खोट्यावर उभं राहिलेलं राज्य पडणारच होतं. ज्यांना आयुष्यात कुठेच आपली जागा सापडली नव्हती आणि ती या बेटावर सापडली, ते याला घरातून हाकलणं म्हणतात. तिसरे हिकमनची न लिहिलेली दोन अंकी कथा मनात रचत बसतात. पहिल्यांचं म्हणणं बरोबर असतं, जर क्राकोआ त्या खोट्यामुळे पडलं असतं. पडलं ते बाहेरच्या हल्ल्याने. खड्डा, क्रूसिबल, गुप्त परिषद, यांतल्या कशाचाही जाब शेवटच्या अंकांत नीट विचारलेला नाही. यंत्राकडून होणारा अटळ पराभव कसा टळला, याचं उत्तर म्हणून एक मोठा खलनायक हरवून दाखवला. प्रश्न विज्ञानकथेचा होता आणि उत्तर मारामारीच्या कॉमिक्सचं.

जुलै २०२४ पासून नवे संपादक टॉम ब्रेव्हूर्ट यांच्या हाताखाली नवी पाटी लागली. सायक्लॉप्स अलास्कात, रोग लुइझियानात, किटी प्राइड शिकागोत; झेवियरच्या जुन्या वाड्याचा तुरुंग. प्रत्येक मासिक वाचनीय, एकत्र मिळून काही सांगणारं एकही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एज ऑफ रेव्हलेशन’ आलं: दहा वर्षांनंतरचं अंधारं भविष्य, आणि त्याचा अधिपती डग रॅम्झी, जो क्राकोआशी बोलू शकणारा म्युटंट होता. १९८१ च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’पासून अंधारं भविष्य हा या मासिकाचा हुकमी पत्ता आहे. अडचण आली की तोच टाकायचा.

तेव्हा क्राकोआ ना ऑर्किसने बुडवलं, ना नव्या संपादकाने. ते २०२१ मध्येच बुडालं, दुसरा अंक न लिहिण्याचं ठरलं त्या दिवशी. उरलेली जवळजवळ तीन वर्षं काही गुणी लेखकांनी ते तरंगतं ठेवलं. ज्यांनी हे अजून वाचलेलं नाही त्यांनी ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’चे बारा अंक प्रसिद्ध झाले त्या क्रमाने वाचावेत, मग ‘इन्फर्नो’चे चार, आणि जीव रमला तर ‘एक्स-मेन रेड’. सातशेवा अंक नाही वाचला तरी चालेल.