जर्मन माणसाचा ‘हो’



कल्याणहून लोकलने निघालं की मुंब्र्यानंतर कळवा लागतं. तिथून जवळच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, सीमेन्स या मूळच्या जर्मन कंपनीचा कारखाना आहे. याच घराण्यातल्या भावांनी लंडनपासून कलकत्त्यापर्यंत सुमारे अकरा हजार किलोमीटरची तारेची लाइन पूर्ण केली. ती १८७० साली सुरू झाली. म्हणजे जर्मन माणूस आपल्याला काही आजचा परका नव्हे.

पण आता प्रश्न अगदी आपल्या उंबऱ्याशी आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, वाहनचालक अशी माणसे त्यांना हवी आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून मुरबाड-शहापूरकडचे पालक कॉलेजात येऊन मला विचारतात, “सर, पोराला धाडावं का?” पगाराचा आकडा त्यांना ठाऊक असतो. तिथल्या माणसाची रीत मात्र ठाऊक नसते. ती नीट न समजल्यामुळे चांगला मुलगाही निराश होऊन परत येऊ शकतो.

माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर आहे. तिथे एका जर्मन गिऱ्हाइकाचे काम आले. त्याच्या माणसाने विचारले, “शुक्रवारपर्यंत माल मिळेल?” मालक म्हणाले, “हो हो, होऊन जाईल.” शुक्रवार उजाडला, माल तयार नव्हता. जर्मन गृहस्थ रागावले. ते म्हणाले, “उशीर होणार हे मंगळवारी कळवलं असतं, तर मी सोमवार धरला असता. तुम्ही हो का म्हणालात?”

आता मालक काही लबाड नव्हते. आपल्याकडे ‘होऊन जाईल’, ‘बघतो’, ‘करू की’ हे शब्द समोरच्याचे मन राखण्यासाठी असतात. तोंडावर ‘नाही’ म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. गावातला माणूस सुरावरून ओळखतो की हे ‘बघतो’ म्हणजे नकोच. जर्मन माणूस सूर ऐकत नाही, शब्द ऐकतो. त्या ‘हो’वर तो आपले पुढचे चार दिवस बांधतो. म्हणून तिथे स्पष्ट ‘नाही’चा राग येत नाही. पोकळ ‘हो’चा येतो.

याची दुसरी बाजूही पाहा. त्याच गृहस्थांनी एक भाग हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितले, “हे चूक आहे. पुन्हा करा.” माझ्या विद्यार्थ्याला वाटले, आपली अब्रू गेली. तासाभराने तेच गृहस्थ त्याला शेजारी बसवून कॉफी पाजत होते! दोष कामाला दिला होता, माणसाला नव्हे. हा फरक ज्याला कळला, त्याची अर्धी चिंता मिटली.

मात्र जर्मन माणूस म्हणजे घड्याळाचा काटा, अशीही समजूत करून घेऊ नका. तिथली रेल्वे सहा मिनिटांहून कमी उशिराची गाडी वेळेवरच धरते. तरीही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर पोचल्या. आपल्या डोंबिवलीकराला हे ऐकून जरा बरे वाटेल. गाडी चुकली तर क्षमा होते. पण उशीर होणार हे कळत असून न कळवणे, याला तिथे क्षमा नाही.

बोलण्याची रीत मराठी माणसाला सोपी जाईल. जर्मन भाषेत आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. ‘डू’ म्हणजे तू, ‘झी’ म्हणजे तुम्ही. अनोळखी माणसाला ‘झी’ म्हणावे, आडनावामागे पुरुषाला ‘हेर’ आणि स्त्रीला ‘फ्राऊ’ लावावे. वडीलधाऱ्याने वा वरिष्ठाने ‘डू’ म्हणायला सांगितल्यावरच ‘डू’वर यावे. इंग्रजीच्या एकाच ‘यू’वर वाढलेल्यांना हे शिकावे लागते. आपल्याला घरचेच आहे.

ही शिस्त येते कुठून? माझ्या मते तिचे मोठे मूळ त्यांच्या उमेदवारीत आहे. तिला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. शाळा सुटलेला मुलगा वा मुलगी एखाद्या कारखान्याशी, सुताराशी किंवा रुग्णालयाशी लेखी करार करते. मुदत बहुधा दोन ते साडेतीन वर्षांची. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम, आणि महिन्याला भत्ता. बहुतेक धंद्यांत शेवटची परीक्षा व्यापार किंवा कारागिरांचे मंडळ घेते. असे मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून अधिक आहेत. पुढे परीक्षा देऊन ‘माइस्टर’ झालेल्या कारागिराची पात्रता तिथल्या राष्ट्रीय श्रेणीत विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्याच पायरीवर धरतात.

आपल्या लोहाराचा मुलगाही भात्यापाशी बसूनच शिकला. पण आपण शाळा एकीकडे ठेवली आणि भाता एकीकडे. १९६१ साली आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, अंबरनाथसारख्या ठिकाणी आयटीआय आहेत. तरी ‘नापास झाला, घाला आयटीआयला’ हे वाक्य आपल्या तोंडून जात नाही. खरे अंतर तिथेच आहे.

कामगाराचा मानही तिथे कागदावर आहे. पाच कायम कामगार असलेल्या ठिकाणीही कामगार आपले मंडळ निवडू शकतात. १९७६ च्या कायद्याने, दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांकडे असतात. वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. दिवसाचे काम संपले की ‘फायरआबेंड’, मग साहेबाने फोन करायचा नाही. रविवारी दुकाने बहुतेक बंद.

म्हणून, पालक हो, मुलाला पाठवायचे असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, भाषा. परिचारिकेला साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. दोन महिन्यांत ती येते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दुसरी, करार. पगार, कामाचे तास, राहण्याचा खर्च, हे सारे समजेल अशा भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही नको. तिसरी, मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट दलालाच्या हाती ठेवू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्याकडे एक काम आहे. वर्गात मुलाने “सर, मला हे येत नाही” म्हटले, तर त्याला हसू देऊ नका. त्याला शाबासकी द्या. ज्याला वेळेवर ‘येत नाही’ म्हणता येते, त्याच्या ‘येते’वर जग विश्वास ठेवते. मग तो श्टुटगार्टला जावो, नाहीतर डोंबिवलीतच राहो.