हायस्कूलमध्ये जर्मन : निवड चौदाव्या वर्षी, उपयोग अठराव्या

अमेरिकेत आठवीतील मुलांचे पुढील वर्षाच्या विषयनिवडीचे अर्ज साधारणतः हिवाळ्याच्या अखेरीस भरून घेतले जातात. गणिताची कोणती पातळी घ्यावी यावर आपल्या घरांत चार-चार दिवस खल होतो. परकीय भाषेचा रकाना मात्र मैत्रिणीने काय घेतले ते पाहून दोन मिनिटांत भरला जातो. बहुधा तेथे स्पॅनिश लिहिले जाते. त्यात गैर काही नाही. या देशात चार कोटींहून अधिक माणसे घरी स्पॅनिश बोलतात. तरीही शाळेत जर्मन उपलब्ध असेल, तर त्या रकान्यापाशी थोडे थांबावे. या भाषेचा खरा लाभ चार वर्षांनी, पदवीचे शिक्षण कोठे घ्यायचे हे ठरवताना होतो, आणि तेव्हा सुरुवात करून तो पदरात पडत नाही.

जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमाला बहुतांश ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून 2017 पासून प्रत्येक सत्राला 1500 युरो घेते आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही 2024 पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. निवासपरवान्यासाठी वर्षाच्या खर्चापोटी सुमारे 12 हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. अमेरिकेतील अनेक सरकारी विद्यापीठांत परराज्यातील विद्यार्थ्याचे एका वर्षाचे नुसते शुल्कच याच्या दुपटीहून अधिक होते.

येथे एक गैरसमज हमखास होतो. पुण्याहून एमएससाठी जर्मनीला गेलेला भाचा इंग्रजीतच शिकला, मग भाषेची गरज काय, असे पालक विचारतात. पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी अभ्यासक्रम पुष्कळ आहेत हे खरे. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम मात्र जर्मनमध्ये चालतात. त्यांना सामान्यतः सी-1 पातळी, म्हणजे व्याख्यान ऐकून टिपणे काढता येतील इतकी भाषा लागते. शाळेतील चार वर्षांत चांगला विद्यार्थी साधारण बी-1 पर्यंत पोहोचतो. उरलेले अंतर सुट्यांतील वर्गांनी किंवा मधल्या एका वर्षात कापता येते. शून्यापासून सारे अंतर त्या एका वर्षात कापणे फार थोड्यांना जमते. शिवाय अमेरिकी हायस्कूलचा दाखला एकटा पुरत नाही. योग्य विषयांतील एपी परीक्षा नसतील, तर ‘श्टुडिएनकोलेग’ हा वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग करावा लागतो आणि तोही बहुतांशी जर्मनमध्येच असतो.

एच-4 व्हिसावर वाढणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. आई-वडिलांचे ग्रीनकार्ड रांगेत अडकलेले असताना मूल एकविसाव्या वर्षी त्यांच्या व्हिसातून बाहेर पडते. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला तेथे नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंतचा निवासपरवाना मिळू शकतो. नागरिकत्वासाठी 2024 च्या कायद्यानुसार साधारणतः पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि इतर अटींबरोबर बी-1 पातळीची जर्मन लागते. अनिश्चिततेत मोठ्या होणाऱ्या मुलाच्या हाती दुसरा एक रस्ता असावा, हे मला महाविद्यालयीन अर्जात भाषा ‘छान दिसते’ या नेहमीच्या कारणापेक्षा कितीतरी वजनदार वाटते. दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे म्हणून जर्मन शिका, असेही सांगितले जाते. पण तिथल्या कामाला इंग्रजी पुरते.

मराठी मुलांना या भाषेत एक आडवाटेचा फायदा आहे. तीन लिंगांच्या नावाने वर्गातील इतर मुले कपाळाला हात लावतात. ज्याच्या घरी तो चमचा, ती सुरी आणि ते ताट रोज बोलले जाते त्याला ती कल्पना नवी नसते. लिंगे जुळतीलच असे नाही : जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. विभक्तीचेही तसेच. वाक्यरचनेत तर गंमतच आहे. ‘वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारे’ या शब्दांखाली एकेक मराठी शब्द ठेवत गेलो, तर ‘कारण मी उद्या पुण्याला जातो’ हेच मिळते. अशा गौण वाक्यात जर्मन क्रियापदही शेवटी जाऊन बसते. हातमोजाला ते ‘हांडशू’ म्हणजे हाताचा जोडा म्हणतात, हे ऐकून मराठी मूल हसेल, पण अडणार नाही. मात्र घरी मराठी बोलली जात असेल, तरच हा फायदा.

भाषेची गोडी लागलेल्यांसाठी अमेरिकी काँग्रेस आणि जर्मन संसद यांनी 1983 मध्ये सुरू केलेली युवा विनिमय शिष्यवृत्ती आहे. तीत हायस्कूलचा विद्यार्थी एक वर्ष जर्मन कुटुंबात राहून तेथील शाळेत शिकतो. ती फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते. एच-4 वरील मुलांना अर्ज करता येत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या समुपदेशकाला दोन गोष्टी विचाराव्यात : जर्मनचा वर्ग चारही वर्षे चालेल का, आणि तो एपीपर्यंत जातो का. पटसंख्या घटली की हे वर्ग बंद होतात, आणि दोन वर्षांवर थांबलेली जर्मन वर सांगितलेल्या कोणत्याही कामाला पुरत नाही. शाळेत सोय नसेल, तर अनेक मोठ्या शहरांत शनिवारी भरणाऱ्या जर्मन शाळा आहेत. त्यांतील काही ठिकाणी डीएसडी ही परीक्षा देता येते, आणि तिच्या दुसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र जर्मन विद्यापीठे भाषेचा पुरावा म्हणून स्वीकारतात.